वाऱ्यावरची हाक

कापूस हे खानदेशचे जुने व मुख्य पीक. या पिकाच्या एका लहानशा शत्रूची गुप्त भाषा मनुष्याने कशी ओळखली आणि त्या ज्ञानाचा शेतकऱ्यास कसा उपयोग होतो, हे या पाठात सांगितले आहे.

१

पोळा होऊन आठ-दहा दिवस लोटले होते. चाळीसगावाहून गिरणेकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांस काळ्या जमिनीत कपाशी कमरेएवढी वाढली होती. कोठे पात्या लागल्या होत्या, कोठे फिकट पिवळी फुले उमलली होती, तर खालच्या फांद्यांवर हिरवी बोंडे धरू लागली होती. सकाळची वेळ होती. शेजारी राहणारा सातवीतील एक विद्यार्थी माझ्याबरोबर होता. आम्ही त्याच्या आजोबांच्या शेतावर निघालो होतो. त्यांना घरीदारी सारे बापू म्हणतात.

बापू शेतात एका काठीजवळ उभे होते. काठीवर, पिकाच्या शेंड्याहून हातभर उंचीवर, प्लॅस्टिकचे एक नरसाळे टांगलेले होते. त्याच्या वर छत्रीसारखी लहानशी टोपी होती आणि खाली एक लांबट पिशवी बांधलेली होती. पिशवीत मळकट तपकिरी रंगाचे, बोटाच्या पेराहूनही लहान असे काही पतंग पडले होते. बापू ते एकेक करून मोजीत होते.

"बापू, यात धान्य नाही, गूळ नाही, रात्री दिवाही नसतो. मग हे पतंग यात येतात तरी कशाला?" नातवाने विचारले.

"त्या टोपीखाली रबराची एक लहान गोळी अडकवली आहे ना, तिच्यासाठी येतात," बापू म्हणाले. "पण हात लावू नकोस हं तिला. हाताचा वास लागला की बिघडते ती."

मुलाने नाक जवळ नेऊन जोराने श्वास घेतला. "मला तर कसलाच वास येत नाही!" तो म्हणाला.

बापू हसले. "मलाही येत नाही. पण या पतंगांना तो दुरून येतो. कसा, ते गुरुजींना विचार. मला आपले मोजणे तेवढे ठाऊक."

बांधावरच्या बाभळीखाली बसून मी त्या मुलास जे सांगितले, तेच येथे लिहीत आहे.

२

पिशवीतले ते पतंग गुलाबी बोंडअळीचे होते. हा पतंग कापसाचे काहीच खात नाही. नुकसान करते ती त्याची अळी. मादी पात्यांवर, फुलांवर व कोवळ्या बोंडांवर शंभराहून अधिक अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात बोंडात शिरते. बोंड वाढू लागले म्हणजे तिने पाडलेले बारीक छिद्र बुजून जाते. बाहेरून पाहणाऱ्यास बोंड हिरवेगार व निकोप दिसते. आत मात्र अळी सरकीचे दाणे पोखरीत असते. आरंभी ती पांढुरकी असते आणि मोठी झाली म्हणजे गुलाबी दिसू लागते. बोंड उमलते तेव्हा शुभ्र कापसाऐवजी पिवळट, डागाळलेली रुई हाती येते.

एकदा अळी बोंडात शिरली, की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. चोर घरात शिरून त्याने आतून कडी लावल्यावर अंगणात काठी आपटण्यासारखेच ते होय. म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न असा, की पतंग शेतात केव्हा उतरले हे त्यास कळावे कसे? ते उडतात रात्री, आणि दिवसा पानांच्या आड किंवा मातीच्या फटींत लपून बसतात.

या किडीचे पहिले शास्त्रीय वर्णन डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८४३ साली केले. त्याच्यापुढे नमुने होते ते आपल्याच देशातील कपाशीवरचे. पुढे सरकीत लपून ही अळी समुद्रापार गेली. ती इजिप्तमध्ये पोहोचली, तेथून मेक्सिकोत गेली आणि १९१७ साली अमेरिकेतील टेक्सास प्रांतातही आढळली.

आपल्या देशात २००२ साली बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी मिळाली. या कपाशीच्या अंगीच अळीला मारक असे द्रव्य असते. त्यामुळे काही वर्षे शेतकरी निर्धास्त झाला. पण ते द्रव्य पचवू शकणाऱ्या अळ्या थोड्याथोड्या वाचत गेल्या आणि त्यांचीच संतती वाढली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने हाहाकार उडवला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले.

हे ऐकताना बापू गंभीर झाले. ते म्हणाले, "त्या साली आमचेही तसेच झाले, गुरुजी. शेजारचा फवारतो म्हणून आम्हीही फवारीत गेलो. दर आठवड्याला पंप पाठीवर. तिसऱ्या फवारणीला याच्या वडिलांना शेतातच घेरी आली. दोन दिवस दवाखान्यात काढले. पैसा गेला, जीव टांगणीला लागला, आणि बोंडे फोडली तर आत अळी जशीच्या तशी!"

मुलाने मान खाली घातली. हे त्याने यापूर्वीही घरी ऐकले असावे.

३

आता त्या गोळीची गोष्ट ऐका. तिचा आरंभ फ्रान्स देशात झाला. एकोणिसाव्या शतकात त्या देशाच्या दक्षिण भागात झाँ आंरी फाब्र नावाचा एक थोर निरीक्षक राहत होता. जन्मभर त्याने कीटकांचे जीवन न्याहाळले. एकदा मे महिन्यातील एका सकाळी त्याच्या घरात, कोशातून मोठ्या जातीच्या पतंगाची एक मादी बाहेर पडली. त्याने तिला तारेच्या जाळीखाली ठेवले. त्याच रात्री त्याचा लहान मुलगा ओरडत धावत सुटला. खोलीत पाखरांएवढाले पतंग भिरभिरत होते! सुमारे चाळीस नर पतंग काळोखातून, झाडाझुडपांतून वाट काढीत त्या एका मादीसाठी आले होते. पुढील आठ रात्रींत मिळून अशा दीडशे पाहुण्यांनी हजेरी लावली.

त्यांना निरोप कोणी दिला? मादी तर आवाज करीत नव्हती. काळोखात ती दिसणेही शक्य नव्हते. फाब्रने तर्क न लढविता प्रयोग केले. मादीला घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवले, तेव्हा एकही नर आला नाही. झाकणाला थोडी फट राहिली, की नर पुन्हा येऊ लागले. दुसऱ्या एका जातीच्या पतंगावर त्याने आणखी गमतीचा प्रयोग केला. मादी काचेच्या भांड्याखाली खिडकीपाशी सर्वांस दिसेल अशी ठेवली आणि ती आधी ज्यावर बसली होती ते रिकामे पात्र दूर कोपऱ्यात ठेवले. नर आत आले. समोर दिसणाऱ्या मादीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. ते त्या रिकाम्या पात्राभोवतीच घिरट्या घालीत राहिले!

यावरून उघड झाले, की मादी वाऱ्यावर काहीतरी सोडते आणि तोच तिचा निरोप असतो. तो गंधच असला पाहिजे; पण मनुष्याच्या नाकाला तो कळत नाही. नराच्या डोक्यावर ज्या दोन मिशा असतात, त्याच त्याचे नाक होत. गंध लागला, की नर वाऱ्याच्या उलट दिशेने उडतो. मध्येच गंध हरवला, तर आडवा उडून तो पुन्हा शोधतो आणि मग पुढे सरकतो. अशा रीतीने गंधाचा माग काढीत तो मादीपर्यंत पोहोचतो.

४

गंध आहे हे कळले. पण तो कोणत्या पदार्थाचा? हे काम जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट याने हाती घेतले. १९३९ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा तो एक मानकरी होता. त्याने रेशमाचा किडा निवडला. कारण रेशमाच्या उद्योगामुळे तो हवा तितका मिळू शकतो. रेशमाच्या पतंगाला उडता येत नाही. पण मादीचा गंध येताच नर जोराने पंख फडफडवू लागतो. हे फडफडणेच बुटेनांटचे मोजमाप झाले. मादीच्या पोटाच्या टोकाशी गंधाची ग्रंथी असते. ती कापून घ्यायची, द्रावकात भिजवायची, निघालेल्या अर्काचे वेगवेगळे भाग करायचे आणि प्रत्येक भाग नराजवळ नेऊन पाहायचे. ज्या भागाने पंख फडफडतील तो ठेवायचा, बाकीचे बाजूस सारायचे. पुन्हा भाग करायचे, पुन्हा पाहायचे.

हे काम सुमारे वीस वर्षे चालले. सुमारे पाच लाख माद्यांपासून हाती आले ते अवघे काही मिलिग्रॅम द्रव्य. मिठाच्या चिमटीहूनही ते कमीच होते. १९५९ साली त्याची रचना निश्चित झाली. रेशमाच्या किड्याच्या शास्त्रीय नावावरून त्यास बॉम्बिकॉल असे नाव मिळाले. त्याच वर्षी कार्लसन व ल्यूशर या शास्त्रज्ञांनी अशा निरोप्या द्रव्यांना 'फेरोमोन' ही संज्ञा दिली. मादी ज्या फेरोमोनने नरास बोलावते, त्यास आपल्याकडे कामगंध म्हणतात.

प्रत्येक जातीचा कामगंध निराळा असतो. हिरव्या बोंडअळीच्या मादीची हाक गुलाबी बोंडअळीच्या नरास कळत नाही आणि मधमाशीला तर दोन्हींशी कर्तव्य नाही. म्हणून प्रत्येक किडीचा गंध स्वतंत्रपणे शोधावा लागला.

५

गुलाबी बोंडअळीचा गंध शोधताना शास्त्रज्ञांची एकदा वाट चुकली. १९६६ साली अमेरिकेत काही संशोधकांनी हा गंध सापडल्याचे जाहीर केले आणि त्याला 'प्रोपिल्यूर' असे नाव दिले. पण इतरांनी तो पदार्थ तयार करून कपाशीच्या शेतात ठेवला, तेव्हा नर पतंग त्याकडे फिरकेनात. प्रयोगशाळेचे उत्तर शेताने नाकारले! मग पुन्हा पहिल्यापासून शोध सुरू झाला. १९७३ साली हुमेल, गॅस्टन, शोरी व त्यांचे सहकारी यांनी खरे उत्तर शोधून काढले.

ते उत्तर मोठे मनोरंजक होते. हा गंध एका पदार्थाचा नसून दोन पदार्थांचा आहे. दोघेही जुळ्या भावांसारखे. सोळा मुले हातात हात घालून रांगेत उभी आहेत अशी कल्पना करा. तशी या दोहोंत कार्बनच्या सोळा अणूंची साखळी असते. साखळीत दोन ठिकाणी हात दुहेरी गुंफलेले असतात. पहिल्या ठिकाणी दोन्ही साखळ्या सारख्याच वळतात. दुसऱ्या ठिकाणी मात्र एक साखळी एका तऱ्हेने वळते, तर दुसरी निराळ्या तऱ्हेने. फरक एवढाच. परंतु नर पतंगास तो फरक कळतो. दोन्ही पदार्थ निम्मे-निम्मे असले, तरच त्यास ती मादीची हाक वाटते. एकटा पदार्थ ठेवला, तर तो येत नाही. कापसाच्या शास्त्रीय नावावरून या मिश्रणास 'गॉसिप्ल्यूर' म्हणतात. बापूंच्या सापळ्यातील रबराच्या गोळीत तेच मुरवलेले होते.

अमेरिकेत या गंधाचा आणखी एक उपयोग झाला. शेतात सर्वत्र तो पसरून ठेवला, की नराला चहूकडून हाक ऐकू येते आणि खरी मादी कोठे आहे हे त्यास उमगत नाही. १९७८ साली तेथे या रीतीस सरकारी मान्यता मिळाली. गंध, बीटी कापूस, वांझ केलेले पतंग सोडणे व वेळेवर शेत साफ करणे हे सर्व उपाय एकत्र योजून २०१८ साली त्या देशाने आपल्या कापसाच्या मुलखातून गुलाबी बोंडअळी नाहीशी झाल्याचे जाहीर केले. गंध लावलेल्या दोऱ्या झाडांना बांधण्याची रीत आता आपल्याकडेही योजली जात आहे.

६

"मग आपण खूप सापळे लावू आणि सारे पतंग पकडून टाकू!" मुलगा उत्साहाने म्हणाला.

तो समज बरोबर नव्हता. सापळ्यात येतात ते केवळ नर, आणि वाचलेला एक नरही अनेक माद्यांशी जोडी जमवू शकतो. थोडे सापळे शत्रूचा नाश करीत नाहीत. तो आल्याची वर्दी देतात. रात्री शेत राखणारा जागल्या असतो ना, तसा हा सापळा होय. त्याने सांगितलेले ऐकायचे आणि मग काय ते ठरवायचे. हेक्टरी पाच सापळे लावावेत आणि सलग तीन रात्री दर सापळ्यात सरासरी आठ किंवा अधिक पतंग सापडले, तरच फवारणीचा विचार करावा, असा शास्त्रज्ञांचा सल्ला आहे.

बापूंचे शेत एक हेक्टर आहे. त्या सकाळी पाच सापळ्यांत ९, ४, ११, ७ आणि ४ असे पतंग निघाले. इतक्यात मुलाचे वडील पंप घेऊन आले. "एकात अकरा निघाले ना? शेजारीही आज फवारणार आहेत. आपणही उरकून टाकू," ते म्हणाले.

मुलगा आकडेमोड करीत होता. तो हळूच म्हणाला, "बाबा, एकूण पस्तीस होतात. सरासरी सातच."

वडील थोडा वेळ घुटमळले. हाता-तोंडाशी आलेल्या पिकाचा प्रश्न होता. शेवटी बापूंनी निर्णय दिला, "तीन दिवस मोजू. पंप घरी ने."

दुसऱ्या दिवशी एकूण पंचवीस पतंग निघाले, तिसऱ्या दिवशी वीस. बापूंनी निरनिराळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे तोडून फोडून पाहिली. एकात अळी निघाली. वीसांत दोन निघाली असती, तर धोक्याची वेळ समजावी लागली असती. फवारणी झाली नाही. मुलाने फुलांतून फिरून डोमकळ्या तेवढ्या वेचल्या आणि आतील अळ्यांसह नष्ट केल्या.

पंधरवड्यानंतर मात्र सलग तीन सकाळी पंचेचाळीस, पन्नास आणि सत्तेचाळीस पतंग निघाले. या वेळी कोणीच वाद घातला नाही. कृषी विभागाने सुचविलेले औषध, सांगितलेल्याच मापाने, तोंडाला व नाकाला फडके बांधून, हातमोजे घालून आणि वाऱ्याकडे पाठ करून एकदा फवारले गेले. त्या दिवशी मुलाचे वडील दुपारी हसतमुखाने घरी परतले.

डिसेंबर संपताच बापूंनी पऱ्हाट्या उपटल्या. थोड्या कापसाच्या लोभाने फरदड ठेवली, तर अळीला उन्हाळ्यापर्यंत आसरा मिळतो, हे त्यांना ठाऊक होते. पाचही सापळे धुऊन, कोरडे करून त्यांनी माळ्यावर ठेवले.

मुलाने आपली वही मला आणून दाखवली. प्रत्येक सकाळचा आकडा तीत तारखेसह लिहिलेला होता. शेवटच्या पानावर त्याने एकच ओळ लिहिली होती: "पुढील वर्षी पेरणीनंतर दीड महिन्याने पुन्हा मोजणे."

शब्दार्थ

कामगंध – मादी कीटक नरास बोलावण्यासाठी सोडते तो गंध
द्रावक – ज्यात दुसरा पदार्थ विरघळतो असा द्रव
डोमकळी – अळीमुळे न उमलता मिटलेले राहिलेले कपाशीचे फूल
पऱ्हाटी – कपाशीचे वाळलेले झाड
फरदड – हंगाम संपल्यावरही शेतात राखलेली कपाशी
जागल्या – रात्री शेताची राखण करणारा
वर्दी – येत असल्याची सूचना

स्वाध्याय

१. बोंडात शिरलेल्या अळीवर फवारणीचा उपयोग का होत नाही?
२. नर पतंग मादीला पाहून येत नाहीत, हे फाब्रने कोणत्या प्रयोगाने दाखवले?
३. बुटेनांटने आपल्या कामासाठी रेशमाचाच किडा का निवडला?
४. "प्रयोगशाळेचे उत्तर शेताने नाकारले," या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
५. पाच सापळ्यांत ६, १२, ९, ८ आणि १० पतंग सापडले. सरासरी काढा. एवढ्यावरून त्याच दिवशी फवारणी करावी का? कारण द्या.
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: हाहाकार उडणे, माग काढणे, जीव टांगणीला लागणे, ढुंकूनही न पाहणे.
७. तुमच्या गावातील एखाद्या शेतकऱ्यास भेटून तो पिकावरील किडीचा अंदाज कसा घेतो ते विचारा व दहा ओळींत लिहा.